प्रेअरीवरचे ब्रिटिश शेतकरी आळसामुळे हरले नाहीत

प्रेअरी म्हणजे कॅनडाच्या पश्चिमेकडच्या अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांतला सपाट गवताळ प्रदेश. स्थलांतराचा विषय निघाला की तिथल्या शेतकऱ्यांबद्दल एक मजकूर हमखास पुढे येतो: ‘दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कॅनडाने ब्रिटिशांना रिकामी जमीन फुकट दिली, वर पैसाही दिला. तरी त्यांना शेती जमली नाही, कारण कष्टाची सवय नव्हती. त्याच जमिनीत युक्रेनचे शेतकरी टिकले, हे मात्र पळून गेले.’

माझं माहेर माण तालुक्यातलं. पाऊस नसलेल्या वर्षी कोरड्या वावरात उभ्या असलेल्या माणसाला आळशी ठरवलेलं मी लहानपणापासून ऐकलंय. त्यामुळे हा मजकूर वाचून मला गप्प बसवत नाही.

‘फुकट’पासून सुरुवात करते. 1872च्या कायद्याने 10 डॉलर शुल्कात 160 एकर मिळत, हे खरं. पण पहिलं महायुद्ध संपेपर्यंत रेल्वेजवळची चांगली जमीन जवळजवळ वाटून झाली होती. 1919च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना मिळालं ते कर्ज: जमीन, जनावरं, अवजारं धरून 7,500 डॉलरपर्यंत, 5 टक्के व्याजाने. यातले कित्येक सैनिक ब्रिटनमध्येच जन्मलेले. 1924च्या ‘3,000 कुटुंबं’ योजनेत थेट ब्रिटनहून आलेल्या कुटुंबांचीही तीच गत होती. जमीन 25 वर्षांच्या हप्त्यांवर, आणि जनावरं-अवजारांसाठी ब्रिटिश सरकारचे 300 पौंडांपर्यंत, तेही परतफेडीचे. त्यांच्या वाट्याला आलेली बरीच शेतं ही आधीच्या सैनिक-शेतकऱ्यांनी कर्ज न फिटल्याने सोडलेली होती. एकाला न पोसणारी जमीन दुसऱ्याच्या गळ्यात मारली गेली.

आणि कर्ज कोणत्या भावाच्या हिशेबाने घेतलं होतं? 1919च्या पिकाला गव्हाचा भाव बुशेलला (म्हणजे सुमारे 27 किलोला) 2 डॉलर 63 सेंट मिळाला होता. जमिनीचे आणि जनावरांचे भावही तेव्हा चढलेले. वर्ष-दोन वर्षांत गहू कोसळला आणि डिसेंबर 1932मध्ये तो 40 सेंटांच्याही खाली गेला. भाव उतरला तरी हप्ता उतरत नाही. हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही, ज्याच्या घरी सोसायटीचं कर्ज आहे त्याला ते माहीत असतं.

‘रिकामी जमीन’ हे तर साफ खोटं आहे. त्या जमिनीवर क्री, ब्लॅकफूट आणि इतर मूळनिवासी लोक राहत होते. 1870च्या दशकातल्या करारांनी त्यांना राखीव जागांवर ढकललं. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना बसवण्यासाठी त्या राखीव जागांमधलीही सुमारे 85 हजार एकर जमीन काढून घेतली गेली. ब्रिटिश शेतकऱ्यांची बाजू मांडताना हे मी झाकणार नाही. त्यांचं दुःख खरं होतं, आणि ती जमीन दुसऱ्यांची होती हेही खरं.

आता युक्रेनच्या शेतकऱ्यांशी तुलना. बहुतेक युक्रेनी कुटुंबं 1914च्या आधी आली, तेव्हा 160 एकर जमीन खरोखर 10 डॉलरात मिळत होती. अल्बर्टात त्यांनी व्हेग्रेव्हिलच्या आसपासचा झाडीचा पट्टा निवडला. तिथे लाकूड होतं, पाणी होतं आणि दक्षिणेपेक्षा पाऊस बरा होता. 1920च्या दशकात कर्ज काढून आलेल्या ब्रिटिश कुटुंबाशी त्यांची तुलना करताना जमीन वेगळी, काळ वेगळा आणि डोक्यावरचा बोजाही वेगळा होता, हे हा मजकूर सांगत नाही.

कष्टाचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. आग्नेय अल्बर्टा आणि नैर्ऋत्य सस्कॅचेवानच्या कोरड्या भागात वर्षाला 300 ते 350 मिलिमीटर पाऊस पडतो, माणपेक्षाही कमी. थंडीमुळे बाष्पीभवन कमी होतं म्हणून गहू येतो, पण दोन पावसांतलं अंतर वाढलं की सगळं संपतं. हा प्रदेश पाहायला ब्रिटनहून आलेल्या जॉन पॅलिसरच्या 1857 ते 1860च्या मोहिमेने हा त्रिकोणी पट्टा शेतीला धोक्याचा असल्याचं सांगून ठेवलं होतं. तरी तिथे माणसं बसवली गेली.

अनुभव असता तर वाचले असते का? चार्ल्स नोबलकडे पाहा. हा मूळचा आयोवाचा, कसलेला शेतकरी. 1916 साली त्याने 1,000 एकरांत 54,395 बुशेल गहू काढला होता, तेव्हाचा जागतिक विक्रम. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि कर्ज यांत त्याचीही जमीन गेली. पुढे 1930च्या दशकात त्यानेच एक पातं बनवलं: आपल्या कुळवाची पास चालते तसं ते मातीखालून तणाची मुळं कापत जाई आणि धसकटं वर तशीच राहत, म्हणजे वाऱ्याने माती उडत नसे. असा माणूसही जिथे बुडाला, तिथे ग्लासगोच्या कारखान्यातून आलेल्याला आळशी म्हणायचं?

अननुभवी लोक आले होते, हे मान्य. 1928 साली कापणीसाठी आणलेल्या सुमारे 8,500 बेकार ब्रिटिश मजुरांपैकी, ज्यांत खाणकामगार फार होते, बहुतेक जण परत गेले. पण ते हंगामी मजूर होते. त्यांच्यावरून शेत घेऊन बसलेल्या कुटुंबांचा निवाडा करता येत नाही.

1935 साली मॅनिटोबा आणि पूर्व सस्कॅचेवानमध्ये उभ्या गव्हाला तांबेरा लागला. 1937 साली सस्कॅचेवानचं सरासरी उत्पन्न एकरी 3 बुशेलांच्याही खाली आलं, बियाणं परत मिळालं तरी नशीब. त्या वर्षी प्रांतातली दोन तृतीयांश शेतकरी लोकसंख्या सरकारी मदतीवर जगत होती. त्यात ब्रिटिश होते, युक्रेनी होते, जर्मन होते, तिथेच जन्मलेलेही होते.

राहिलं ‘पळून गेले’. दक्षिणेतून निघालेली पुष्कळ कुटुंबं उत्तरेला, मेडो लेक आणि पीस नदीकडच्या जंगलपट्ट्यात गेली आणि झाडं तोडून पुन्हा शून्यापासून शेत करू लागली. पेट्रोलला पैसे नव्हते, म्हणून मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपत. तसल्या गाडीत चूल, बियाणं आणि पोरं घालून निघालेला माणूस शेती सोडायला निघाला नव्हता, दुसरं वावर शोधायला निघाला होता.