कलम ‘३०अ’ आणि पाठशाळेबाहेरच्या मुली

आमच्या नाशिकच्या जुन्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या आठवड्यात तोच मजकूर पुन्हा फिरून आला. कलम ३० नुसार मुसलमान आणि ख्रिस्ती आपल्या शाळांत कुराण-बायबल शिकवू शकतात; कलम ३०अ नुसार हिंदूंना मात्र गीता आणि वेद शिकवण्यास बंदी आहे; पटेलांनी अडवलेले हे कलम त्यांच्या निधनानंतर नेहरूंनी घुसवले; आणि त्यामुळेच आपल्या मुली धर्मशिक्षणाला मुकल्या, असा त्याचा आशय आहे. मला मुख्यतः शेवटच्या विधानाविषयी लिहायचे असल्याने बाकीची आधी उरकतो.

संविधानात ‘३०अ’ नावाचे कलमच नाही. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देणाऱ्या कलम ३० मध्ये ‘१क’ असा एक खंड जरूर आहे, पण तो अल्पसंख्याक संस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने संपादित केल्यास द्यायच्या रकमेविषयी आहे. आणि तो आला १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे मोरारजी देसाईंच्या काळात, नेहरू जाऊन १४ वर्षे झाल्यावर. पटेलांचे म्हणाल, तर मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याक यांविषयीच्या संविधान सभेच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष तेच होते. कलम ३० हे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या मूळ संविधानातच आहे, आणि पटेल वारले १५ डिसेंबर १९५० रोजी. शिवाय हे कलम भाषिक अल्पसंख्याकांनाही लागू असल्याने महाराष्ट्रातील गुजराती किंवा सिंधी भाषक हिंदूंच्या संस्थाही त्याचा लाभ घेतात. मजकूर पाठवणाऱ्या मित्राची नात अशाच एका शाळेत जाते, हे त्याच्या लक्षात आले नसावे.

धर्मशिक्षणाचा खरा नियम कलम २८ मध्ये आहे. जी संस्था संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे कोणत्याही धर्माचे शिक्षण देता येत नाही, मग तो धर्म बहुसंख्यांचा असो वा अल्पसंख्यांचा. सरकारमान्य किंवा अनुदानित खासगी शाळेत ते देता येते, परंतु विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्याला त्यात बसवता येत नाही. धर्माची शिकवण देणे वेगळे आणि धर्मांविषयी अभ्यास करणे वेगळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे.

वेद शिकवण्यास बंदी असती, तर सकाळी त्र्यंबकेश्वरला पांढरे धोतर नेसलेले बटू हात वरखाली करत ज्या ऋचा घोकतात, त्या आपल्याला ऐकूच आल्या नसत्या. उज्जैनचे महर्षि सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान तर केंद्र सरकारच्याच अखत्यारीत असून पाठशाळांना अनुदान देते.

मात्र त्या बटूंत मुलगी शोधून पाहा. परंपरेने चालणाऱ्या पाठशाळेत मुंज झालेल्या मुलालाच घेतात, आणि ही अट संविधानातून आलेली नाही. अशा पाठशाळा बेकायदेशीर आहेत, असेही मी म्हणत नाही; अनुदानित संस्थेत प्रवेश नाकारण्यास मनाई करणाऱ्या कलम २९(२) मध्ये धर्म, वंश, जात, भाषा एवढीच कारणे आहेत, लिंग नाही. पण मुलींना शिकवू नका, असेही कुठले कलम सांगत नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, तेव्हा आडवे आले असतील तर ते सोवळे-ओवळे, संविधान नव्हे.

माझी आत्या पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराची एक गोष्ट नेहमी सांगे. आजोबा पडवीत माझ्या वडिलांना रुद्र शिकवत आणि ती आत ताक घुसळता घुसळता ऐकत असे. वडील एखाद्या अनुवाकात अडखळले की पुढचा शब्द आतून येई, आणि आजोबा म्हणत, “तू ताकाकडे बघ.” ही १९४६ ची गोष्ट, संविधान लागू व्हायला तेव्हा अजून चार वर्षे होती.