‘पुट्टी हाच प्रायमर’ आणि इतर ओल्या थापा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘नव्या घराला रंग देताना पेंटरकडून फसू नका.’ त्यात सल्ले पाच. प्लास्टरवर सात दिवस पाणी मारून झालं की रंगकाम सुरू करा. भिंत हाताला कोरडी लागली म्हणजे कोरडी. पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा लेप) हाच प्रायमर (रंगाखालचा पहिला हात), वेगळा प्रायमर ही पेंटरची वरकमाई. गोंदाचं पाणी मारून भिंत सील करा, ओल आतच राहील. आणि हॉलला ऑइल पेंट द्या, पुसता येतो. रंगाऱ्यांवरचा राग समजण्यासारखा आहे, पण तो भिंतीवर काढून उपयोग नाही.

सात दिवसांचा आकडा हवेतून आलेला नाही. सिमेंटच्या गिलाव्याचं, म्हणजे प्लास्टरचं, भारतीय मानक, आयएस 1661, गिलावा किमान सात दिवस ओला ठेवायला सांगतं. पण हे दिवस भिंत भिजवायचे आहेत, वाळवायचे नव्हेत! आठव्या दिवशी तुमच्यासमोर असते ती आठवडाभर पाणी प्यायलेली भिंत. तेही फक्त 12 मिलिमीटरचा गिलावा नाही. त्यामागची नऊ इंची वीटही तितकीच प्यायलेली असते. रंगाच्या कंपन्या साधारण 28 दिवस थांबायला सांगतात. माझ्या मते तोही कमीत कमी आकडा धरावा. कोकणात मे अखेरीस गिलावा झाला आणि जूनमध्ये पाऊस लागला, तर 28 दिवसांनीही भिंत दमटच राहते.

यात जिप्सम प्लास्टर वेगळं. त्याला पाणी मारायचंच नसतं आणि ते लवकर वाळतं. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्हींना एकाच मापाने मोजलंय.

हात लावून बघण्याचं म्हणाल, तर हाताला कळतो तो वरचा पापुद्रा. वाऱ्याने आधी तोच वाळतो. खरं बघायचं असेल तर दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडांना चिकटपट्टी लावून ते भिंतीवर घट्ट बसवा आणि रात्रभर, निदान 16 तास, राहू द्या. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं किंवा खालचा चौकोन काळपट पडला, तर ओल अजून बाहेर येतेय. उत्तरेकडची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत वेगळी तपासा.

पण ओल हा अर्धाच प्रश्न. दुसरा प्रश्न क्षाराचा, म्हणजे अल्कलीचा, आणि त्याबद्दल मजकुरात चकार शब्द नाही. सिमेंट पाण्याशी मिळालं की त्यातून चुना सुटतो आणि ताजा गिलावा कडक अल्कधर्मी होतो. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, 12 च्या वर असतो (7 म्हणजे साधं पाणी). हवेतला कार्बन डायऑक्साइड हा चुना हळूहळू शांत करतो, पृष्ठभागापासून आत. हे डोळ्यांनी बघायचंय? चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि पुढे कपाटामागे जाईल अशा जागी बोट टेकवा. ताज्या गिलाव्यावर हळद लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही क्रिया. हळद पिवळीच राहिली, तर वरचा क्षार उतरलाय असं समजा. मात्र आत ओल असेल तर ती आतला क्षार पुन्हा वर आणते, म्हणून प्लास्टिकची आणि हळदीची परीक्षा जोडीने घ्यायची.

आता पुट्टी. इथे मजकुरात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो. व्हाइट सिमेंटच्या पुट्टीखाली प्रायमर खरंच लागत नाही. उलट भिंत साफ करून, हलकी ओली करून थेट पुट्टी ओढायची, कारण तीही सिमेंटच आहे आणि तिलाही पाणी लागतं. तिच्याखाली कोणी प्रायमरचे पैसे लावत असेल तर जरूर विचारा. डब्यातून तयार येणारी ॲक्रिलिक पुट्टी मात्र प्रायमरवरच बसते. आणि पुट्टीच्या वर, रंगाच्या खाली, प्रायमर दोन्हींना हवा. पुट्टी पॉलिश पेपरने घासून झाल्यावर तिच्यावरून तळहात फिरवा. पांढरी भुकटी हाताला येते. त्या भुकटीवर रोलर फिरवला तर रंग धरणार कशाला? शिवाय कोरडी पुट्टी इमल्शनमधलं, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगातलं, पाणी झटकन ओढून घेते, रोलर अडखळतो, पट्टे दिसतात आणि तिसरा हात मारावा लागतो. प्रायमरपेक्षा इमल्शन महाग, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच जातात.

गोंदाच्या पाण्याचा सल्ला सगळ्यांत घातक. सुतारकामाचा तो पांढरा गोंद पाणी लागलं की पुन्हा मऊ पडतो आणि क्षारात टिकत नाही. नव्या भिंतीत नेमक्या याच दोन गोष्टी असतात. ‘ओल आतच राहील’ हा फायदा म्हणून सांगितलाय, पण ओल आत राहत नसते. ती वाट काढतेच, गोंदाचा थर फुगवते आणि रंगाचे पोपडे घेऊन बाहेर पडते. अल्कली सोसणारा पाण्याचा ॲक्रिलिक प्रायमर शोषण आवरतो, पण वाफेला वाट ठेवतो. भिंत सील करायची ती एवढीच.

ऑइल पेंटबद्दल थोडक्यात: तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो. ताज्या सिमेंटवर ऑइल पेंट मारला की त्याच्या तळाशी हेच घडतं. थर चिकट, मऊ पडतो आणि सुटतो. असा साबण पुसण्यात काय अर्थ!

मुहूर्त जवळ आलाय आणि थांबणं शक्य नाही? मग आत्ता चुन्याची सफेदी करा आणि एक पावसाळा जाऊ द्या. जुने गवंडी हेच सांगत. चुन्याला क्षाराचं वावडं नाही आणि त्यातून भिंत श्वास घेते. रंगकामाच्या वेळी सफेदी खरवडून भिंत साफ करायची, मग पुढचं काम. दरम्यान इलेक्ट्रिशियनला वायरिंगच्या झिऱ्या (भिंतीत कोरलेल्या खाचा) आत्ताच भरून घ्यायला सांगा. रंगाच्या आदल्या आठवड्यात भरलेली झिरी म्हणजे जुन्या भिंतीतला ताजा गिलावा, आणि तिथला रंग उडाला की स्विचबोर्डपासून छतापर्यंतचा पट्टा कोणत्याही शेडमध्ये लपत नाही.