पोट्टं कोणत्या शाळेत टाकावं?

मृग लागला की गावात दोनच गोष्टींची विचारपूस होते. बियाणं कोणतं आणलं, आणि पोट्टं कोणत्या शाळेत टाकलं. पहिल्या बाबतीत सल्ला द्यायला कृषी सेवा केंद्रवाला गल्ल्यावर बसलेलाच असतो, वर उधारीही देतो. दुसऱ्या बाबतीत पारावर जो तो आपापलं सांगतो आणि ऐकणारा गोंधळून घरी जातो. म्हणून म्हटलं, एकदाचं नीट सांगून टाकावं.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की शाळा पोरासाठी निवडायची नसते. सहा वर्षांचं लेकरू ते, बसवाल तिथं बसतं. शाळा निवडायची ती पुढं दहावीचा निकाल लागल्यावर बोट कोणाकडं दाखवायचं, हे पाहून. प्रत्येक शाळेसोबत एक कारण फुकट मिळतं. कोणाचं कारण टिकतं, कोणाचं दोन पावसाळेही जात नाही. ज्यानं हे आधी तपासलं नाही, त्या बापावर शेवटी स्वतःच्याच घराकडं बोट दाखवायची पाळी येते.

या कसोटीवर जिल्हा परिषदेच्या शाळेचा हात कोणी धरणार नाही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासून इथं कारणांचा दुष्काळ पडलेला नाही. गुरुजी गावात राहत नाहीत, तालुक्याहून अप-डाऊन करतात. (ते गावातच राहतात असा ग्रामसभेचा ठराव लागतो, तेव्हा कुठं घरभाडं मिळतं, आणि तो ठराव आपणच हात वर करून दिलेला असतो. पण हे पारावर काढायचं नाही.) आले तरी शिकवतील कधी? मतदार यादी त्यांच्याकडं. गावातले निरक्षर त्यांनीच शोधायचे. पोरांचं आधार जुळत नाही, ते त्यांनीच जुळवायचं. पाचवीपर्यंतच्या पोरामागं रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या पोरामागं १५०, आणि आज किती पोरं जेवली ते रोज मोबाईलवर चढवायचं. रेंज शाळेत नसते, टाकीवर असते. दोन शिक्षकी शाळेतला एक गुरुजी टाकीवर असला की दुसरा चार वर्गांना मिळून एक पाढा म्हणायला लावतो.

आता एखादा गुरुजी इतकं सगळं करूनही शिकवतोच. असे आहेत, आणि तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त आहेत. तुमच्या नशिबी असला गुरुजी आला तर घाबरून जाऊ नका. मुंबई आपल्या पाठीशी आहे. २०२३ मध्ये दप्तर हलकं व्हावं म्हणून पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं शिवून दिली, दोन वर्षांनी ती पानं गेली. २०२४ मध्ये अख्ख्या राज्याला एक गणवेश ठरला. कापड एकीकडून, शिलाई दुसरीकडून. कितीतरी शाळांत पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन गेल्या वर्षीच्या कपड्यांत झालं आणि डिसेंबरात निर्णय फिरवून काम पुन्हा शाळा समित्यांकडं दिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये खिचडीसोबत आठवड्याला एक अंडं आलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे थांबवले आणि लोकवर्गणीतून चालवा म्हणून सांगितलं. पोरगं नापास झालं तर सरळ अंड्यावर ढकलून मोकळं व्हा.

एवढ्या चांगल्या शाळेत तोटा एकच आहे, पण जबर आहे. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश आईबाप असतात. म्हणजे शाळा कोण चालवतं म्हणून रागारागानं चौकशी करायला जावं तर आपलंच नाव भिंतीवर रंगवलेलं दिसतं. यावर उपाय सोपा आहे. सभेला जाऊ नका, रजिस्टर सहीसाठी घरी येतं. मोटारसायकलच्या सीटवर ठेवून सही करा, वर काय लिहिलंय ते वाचू नका. समितीत निम्म्या बायका हव्यात असंही कायदा म्हणतो. त्याची चिंता नको. नाव बाईचं आणि खुर्चीवर भाऊ, ही रीत आपल्याला सरपंचपदापासून ठाऊक आहे.

ज्यांना ही गावकीची भानगड नको त्यांनी कॉन्व्हेंट, म्हणजे खासगी इंग्रजी शाळा, पाहावं. व्हॅन थेट घरापुढं येते आणि घरापुढं नाही आली तरी हॉर्न असा वाजवते की चार घरांना कळतं. कॉन्व्हेंटच्या फीमधले निम्मे पैसे त्या हॉर्नचे असतात असं माझं प्रामाणिक मत आहे. शाळेच्या नावात पंचक्रोशीतले महाराज, त्यापुढं कॉन्व्हेंट, ऑफिसात गजानन महाराजांचा फोटो. टाय, बूट, गळ्यात ओळखपत्र. बेचाळीस अंशांतही टाय. विदर्भात ऊन असतं म्हणून सरकारी शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या अखेरीकडं उघडतात. पण टायला ऊन लागत नाही.

फीचं गणित कास्तकारानं आधीच समजून घ्यावं. पहिला हप्ता जूनमध्ये, नेमका बियाण्या-खताच्या वेळेला. कापूस घरी येतो दसरा-दिवाळीच्या पुढं, आणि भाव पाहून विकायचा म्हटलं तर संक्रांत. मधल्या काळात बायकोच्या गळ्यातली सोन्याची पोत बँकेत विसावा घेते. शिकवायला मॅडम असतात. त्यांना महिन्याला किती मिळतात ते विचारू नका, आणि कळलंच तर सोयाबीन सोंगणाऱ्या बाईच्या मजुरीशी ताडून पाहू नका. उगाच जिवाला लागतं.

फायदा कुठला म्हणाल, तर पाहुणे आल्यावर दिसतो. पोराला मधोमध उभं करा, इंग्रजी कविता हातवाऱ्यांसकट म्हणायला लावा. ‘‘याचा अर्थ काय रे?’’ असं मध्येच विचारणारा एक मामा प्रत्येक घरात असतो, त्याला चहा आधी द्या. पोरगं आजीजवळ वऱ्हाडीत रडतं, व्हॅनमध्ये हिंदीत भांडतं आणि इंग्रजीत पाठ करतं. तीन भाषा झाल्या, अजून काय पाहिजे? फक्त त्याला एसटी स्टँडवर नेऊन बसची पाटी वाचायला सांगू नका. पाटी मराठीत असते. इंग्रजीतली असती तरी फार फरक पडला नसता, पण तो भाग वेगळा.

कॉन्व्हेंटचा खरा तोटा पालक सभेत कळतो. मॅडम हिंदीत सांगतात, ‘‘आप लोग घर में इंग्लिश में बात नहीं करते, इसीलिए बच्चा पीछे है.’’ घ्या! हप्ते तुम्ही भरले, पोत तुमच्या घरची गेली आणि बोटही तुमच्याचकडं. जिल्हा परिषदेच्या गुरुजींची एवढी हिंमत सात जन्मांत झाली नसती. अनुभवी लोक म्हणूनच या सभेला बायकोला पाठवतात. मग संध्याकाळी ते बोट घरातल्या घरात फिरवता येतं. ‘‘दिवसभर घरीच असतेस ना? थोडं इंग्लिश बोलत जा त्याच्याशी.’’ ती त्या वेळी निंदणाहून आलेली असते.

मायबोलीत शिकवा, हाताला काम शिकवा, असं सांगणारे काही लोक अजून भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. ही कल्पना कुठून आली माहीत आहे? आपल्याच वर्ध्यातून. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथं शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेनांची समिती बसली, मग सेवाग्रामात नई तालीम सुरू झाली. दिल्लीहून किंवा निदान पुण्याहून आली असती तर विचार केला असता. वर्ध्याचं काय ऐकायचं, वर्ध्याला तर आपण कोर्टाच्या तारखेला जातो. आणि पोरानं शाळेत सूत काढावं, भाजीचे वाफे करावेत, यासाठी का पोत ठेवली? तेच पोरगं रविवारी पऱ्हाटीत कापूस वेचायला नेतो, त्याची गोष्ट निराळी. ते शिक्षणात धरत नाहीत.

फी न भरता कॉन्व्हेंट पाहिजे असेल तर शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांची खिडकी आहे. अर्जात नकाशावर आपल्या घराच्या जागी फुगा ठेवायचा असतो, शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्याचा विचार आधी होतो. आपण राहतो धुऱ्याला, फुगा मात्र तालुक्याला मेव्हण्याच्या खोलीवर ठेवावा. भाडेकरार करून घ्या. लॉटरी लागली तर सरकार शाळेला पोरामागं वर्षाला १७,६७० रुपये देणं लागतं. देणं लागतं म्हणजे देतंच असं नाही, ती बाकी वर्षानुवर्षं चालते. मग शाळा पुस्तकांचे, स्नेहसंमेलनाचे, आणि कशाकशाचे पैसे तुमच्याकडं मागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही, म्हणजे आमचीच शाळा जवळ आहे, तिकडं जा. सरकारनं सरकारी शाळेत जायला सांगितलं आणि लोक थेट हायकोर्टात गेले. जुलैमध्ये कोर्टानं तो बदल रद्द केला. सरकारी शाळेचं याहून नेमकं मूल्यमापन कोणत्याही अधिकाऱ्याला जमलेलं नाही.

संस्थेच्या अनुदानित शाळेबद्दल थोडक्यात सांगतो. कास्तकारांच्या पोरांनी शिकावं म्हणून पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. ते पाहून पुढं अनेकांना शिक्षणाचा कळवळा आला आणि काहींच्या कळवळ्याला एकेका पदाचा भावही आला. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीवर (म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतल्या खोट्या क्रमांकावर) पगार उचलणाऱ्यांचं प्रकरण उघडं पडलं, तेव्हा शाळेत न दिसणारे सर पगारपत्रकात दिसतात हे सगळ्यांना कळलं. म्हणजे बोट दाखवायला जागा भरपूर आहे. अडचण एवढीच की संस्थाचालक बाजार समितीवरही असतो, बँकेवरही असतो, आणि आपलं पीककर्ज त्याच बँकेत असतं. बोट खिशात ठेवावं लागतं.

मेळघाटात, गडचिरोलीत राहणाऱ्यांनी हा लेख मनावर घेऊ नये. तिथं निवडायचं काही नसतं. पाड्यावर चौथी झाली की आश्रमशाळा, नाहीतर काहीच नाही. लेकरू लहान वयात घर सोडून जातं आणि दिवाळीला येतं. त्यावर विनोद करायला मला जमत नाही, पुढं जाऊ.

आणि नवोदय, केंद्र सरकारची निवासी शाळा. ही शाळा सगळ्यांना पाहिजे असते, त्यामुळे कारण म्हणून सगळ्यात उत्तम. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं हरियाणात झज्जरला आणि आपल्या अमरावतीला निघाली, त्यामुळे आपला हक्क सांगायलाही जागा आहे. एका विद्यालयात सहावीला ८० जागा, परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. लागला नंबर तर पोरगं हुशार. नाही लागला तर ‘‘एका मार्कानं गेला’’. या जिल्ह्यातली सगळी पोरं एका मार्कानंच जातात, अर्ध्या मार्कानं गेलेलं पाहण्यात नाही. खेड्यातल्या पोरांना यात किमान ७५ टक्के जागा आहेत, त्यासाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत काढावी लागते. त्यामुळे चौकशी केली तर आपल्या ओस पडलेल्या शाळेच्या हजेरीपटावर तालुक्यातल्या मोठ्या माणसांची पोरं सापडतील. हजेरीपटावरच सापडतील, वर्गात शोधू नका.

कुठंही टाका, शिकवणी मात्र लावा. गुरुजींचं स्वतःचं पोरगं जिथं जातं तिथंच लावा. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत नसतं, पण शिकवणीत सापडतं.

आता राहिला शेवटचा मुद्दा. सगळ्यांनी हा सल्ला ऐकला की गावच्या शाळेचा पट विसाच्या खाली येईल. मग समूह शाळेचं पत्र निघतं, शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार म्हणून बोंब होते. अशा वेळी गप्प बसू नका. पूर्वजांनी दान दिलेली जमीन, शाळेनं घडवलेल्या पिढ्या, असं सगळं निवेदनात घाला आणि पंचायत समितीवर मोर्चा काढा. मोर्च्यात पोरं पुढं असली तर पेपरात फोटो येतो. शाळेत तेवढी पोरं नसतीलच, पण व्हॅनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तो सुटीनंतर सगळी थेट पंचायत समितीसमोर उतरवतो. टाय तेवढे काढून दप्तरात ठेवायला सांगा.