पहिली नेमणूक घराजवळ की लांब? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण निम्मी बरोबर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘पोलिसात भरती होताना घरापासून लांबचं दल निवडा’ हा माझ्या लेखातला सल्ला ज्यांच्या घरी म्हातारे आईवडील नाहीत त्यांनाच परवडतो. आणि पोलिसाचं खरं भांडवल म्हणजे स्थानिक ओळख, तीच मी पोरांना टाकून द्यायला सांगतोय.

आधी ओळखीबद्दल. माझी पहिली नेमणूक मी वाढलो तिथेच होती. चारेक महिने झाले असतील. रात्रीच्या नाकाबंदीत एक मोटारसायकल थांबवली. हेल्मेट निघालं तर शाळेतले पीटीचे सर, आणि तोंडाला वास. मी मशीन पुढे केलं. सरांनी ते हलकेच बाजूला सारलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘शोभतोस रे ड्रेसमध्ये.’’ मी त्यांना जाऊ दिलं. दहाच मिनिटांपूर्वी दोन अनोळखी पोरांवर केस केली होती, ती दोघं कडेला उभी राहून सगळं बघत होती. एक जण नुसता हसला.

तुम्ही ओळख जमेला धरलीत. नावेची बाजू लिहायची राहिली.

आयर्लंडच्या रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीत (हे दल १९२२ साली विसर्जित झालं) शिपायाला त्याच्या स्वतःच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) नेमत नसत, आणि बायकोच्या माहेरच्या काउंटीतही नाही. त्यात ब्रिटिश सरकारचा स्वार्थ होताच: शिपाई गावकऱ्यांच्या बाजूने उभा राहू नये. तेव्हा हा नियम निर्मळ होता असं मी म्हणणार नाही. उलट टोक शिकागोचं. तिथल्या पोलिसाला शहराच्या हद्दीतच राहावं लागतं. पण राहावं लागतं, जन्म तिथला असावा लागत नाही. गल्ल्या, अड्डे, कोण कुणाचा मेहुणा, हे पायी गस्त घातली की वर्षभरात कळतं.

भाषाच वेगळी असेल तर मात्र मी तुमच्या बाजूने. तक्रार द्यायला आलेली बाई रडत बोलतेय आणि लिहून घेणारा शेजारच्याला ‘काय म्हणतेय?’ विचारतोय, अशी पाळी येऊ नये.

लांब गेलं की घरभाडं अंगावर पडतं, हा तुमचा मुद्दा मान्य. क्वार्टर मिळण्याची खात्री नसेल तर आधी हिशोब करा.

आता माझी चूक. ‘नंतर परत येता येतं’ असं मी सहज लिहून गेलो होतो. बऱ्याच दलांत स्वतः मागून घेतलेल्या बदलीला सेवाज्येष्ठतेची किंमत मोजावी लागते. अमेरिकेत तर पोलिसाचं प्रमाणपत्र राज्यापुरतं असतं. राज्य बदललं की नव्याने मान्यता, कधी परीक्षा, कधी पुन्हा थोडं प्रशिक्षण. मी सहाव्या वर्षी बदली मागितली आणि यादीच्या तळाला गेलो. ज्यांना मी स्टेशन डायरी लिहायला शिकवलं ती पोरं माझ्याआधी हवालदार झाली. जाणं असो वा परतणं, नंतर महागच पडतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी पगाराच्या तक्त्याइतकंच बारकाईने बदलीचे नियम वाचा, आणि ठाण्यातल्या एखाद्या जुन्या शिपायाला ते खरोखर कसे चालतात हे विचारा.

आईवडील अंथरुणाला खिळले असतील तर माझा लेख बाजूला ठेवा आणि घराजवळच राहा. धडधाकट असतील तर तीनेक तासांवरचं ठिकाण बघा. रात्री फोन आला तर पहाटेपर्यंत पोचता येतं, आणि नाकाबंदीत सर भेटत नाहीत.

मूळ लेखातली ‘नंतर परत येता येतं’ ही ओळ आज काढतोय. ‘बायकोच्या नोकरीचं काय?’ या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र मी उत्तर देत नाही. माझ्या बदल्यांपायी हिने दोनदा नोकरी सोडली, आणि हे उत्तर लिहितोय तेव्हा ती शेजारीच बसली आहे.