पेन्सिली किती? इप्पोन, निहोन, साम्बोन…

जपानी शिकायला घेतलेल्या मराठी माणसाचे पहिले काही दिवस फार लाडाचे जातात. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. ‘वाताशि वा ओचा ओ नोमिमास’ म्हणजे मी चहा पितो, क्रमही तोच. अक्षरंसुद्धा का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळींनी येतात. ही मांडणी संस्कृत अक्षरांचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्खूंकडून आलेली, म्हणजे घरचीच. याच सुमारास शिकणारा वर्षभरात एन-टू, म्हणजे जपानीच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी, काढायचं घरी जाहीर करतो. करू नये, असा माझा प्रेमळ सल्ला आहे.

हिरागाना या लिपीची ४६ अक्षरं बसतात. काताकाना या दुसऱ्या लिपीच्या ४६ पैकी चार मात्र छळतात: शि, त्सु, सो आणि न. शिच्या दोन छोट्या रेघा डाव्या कडेला एकाखाली एक, आणि मोठी रेघ खालून वर जाते. त्सुच्या छोट्या रेघा वर शेजारी-शेजारी, आणि मोठी वरून खाली उतरते. एकेक छोटी रेघ कमी केली की शिचा न होतो आणि त्सुचा सो. रेघांची दिशा सुरुवातीलाच हातात बसवली नाही तर पुढे स्वतःचं अक्षर स्वतःलाच वाचता येत नाही. (डॉक्टरांना याची सवय असते.)

खरी परीक्षा मोजणीत. आकड्याला वस्तूप्रमाणे वेगळा शब्द जोडावा लागतो. लांबुळक्या वस्तूला ‘होन’, पातळ-चपट्याला ‘माइ’, पुस्तकाला ‘सात्सु’, यंत्राला ‘दाइ’, छोट्या प्राण्याला ‘हिकि’. पक्ष्याला ‘वा’, आणि रूढीप्रमाणे सशालाही ‘वा’! सिनेमा आणि फोनकॉलही ‘होन’नेच मोजतात, कॉल लांबतो हे मान्य, तरीही. बरं, होन जागेवर राहील तर शपथ. एक पेन्सिल इप्पोन, दोन निहोन, तीन साम्बोन, सहा रोप्पोन, आठ हाप्पोन. तारखांचीही तीच तऱ्हा: चार तारीख योक्का, आठ तारीख योऽका. दोन्हींत फरक एवढाच, की एकीत ‘क’वर अडायचं आणि दुसरीत ‘यो’ लांबवायचा. इथे चुकलात तर तुम्ही चार दिवस उशिरा पोचता.

तक्रार करायला मात्र आपल्याला तोंड नाही. जपानीत ६९ म्हणजे सरळ सहा-दहा-नऊ; एकोणसत्तर आपल्या घरचं आहे.

पाठांतराला अँकी हे प्रश्न-उत्तरांची कार्डं दाखवणारं अ‍ॅप चांगलं, पण ते मूळ सेटिंगवर सोडू नये. रोज २० नवी कार्डं घेतली की काही आठवड्यांत उजळणी दिवसाला दोनशेच्या घरात जाते. मग गणपतीत चार दिवस सुट्टी घेतली की परतल्यावर समोर डोंगर. सात-आठ कार्डं पुष्कळ झाली.

जेएलपीटी, म्हणजे जपानीची ती परीक्षा, भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन-फाइव्हला, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीला, १८० पैकी ८० गुण लागतात, पण ऐकण्याच्या ६० पैकी किमान १९ हवेतच. नाहीतर बाकीचं सगळं पाण्यात. ध्वनिफीत एकदाच वाजते, हात वर करून उपयोग नसतो. बोलण्याची परीक्षा मात्र कुठल्याच पातळीला नाही, त्यामुळे सगळ्यात वरच्या पातळीचा एन-वनवालाही दुकानात घाम पुसताना दिसू शकतो. निदान मोजणीसाठी तोडगा आहे: हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, म्हणजे एक, दोन, तीन… वस्तू लांब असो की चपटी, बहुतेक ठिकाणी चालून जातं. ही सोय दहापर्यंतच आहे, म्हणून अकरा सामोसे कधीही मागवू नयेत.