पटाची जोडी दारात बांधायची की नाही

दिवाळीपासून एकच विषय डोक्यात घोळत होता: दोन सीटची पोर्शे केमन घ्यायची की नाही. परवाच्या रविवारी त्याचा निकाल लावला. घरच्यांनी, मित्रांनी, आमच्या कापसाच्या जिनिंगवरच्या माणसांनी इतक्यांदा विचारलं की एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढतो.

माझ्याकडे २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, पुढच्या चाकांवर चालणारी. शून्यापासून शंभराला सात सेकंदही लागत नाहीत, आणि डिकी ५९० लिटरची. मागची सीट पाडली की त्या डिकीत काय जात नाही! भाचीच्या लग्नात अख्खं रुखवत याच गाडीतून वर्ध्याला नेलं. रव्याचे लाडू, विणलेली तोरणं, काचेच्या पेटीतला तुळशीवृंदावनाचा देखावा, सगळं. एका लाडवालाही तडा गेला नाही. सरकीच्या ढेपेची पोती याच गाडीत आली, संत्र्याचे क्रेट याच गाडीत गेले, आणि पहाटे चारला उठून चिखलदऱ्याचा घाट चढायला मी नेली तीही हीच.

आता नागपूरचे एक ओळखीचे डॉक्टर त्यांची पोर्शे ७१८ केमन विकताहेत. मागणी ७५ लाख. ऑक्टाव्हिया विकायची, अमरावतीचा प्लॉट मोडायचा, थोडं कर्ज काढायचं, म्हणजे जमण्यासारखं होतं. दोन सीट, ३०० पीएस, आणि इंजिन सीटच्या पाठीशी, मागच्या आसाच्या पुढे. पेट्रोलवरची केमन आता पोर्शे बनवतही नाही. म्हणजे जी हाताशी येईल ती जुनीच, आणि ती पुन्हा इतक्या जवळ येईल असं नाही.

इंजिन मध्ये असण्याचं एवढं काय, असं पुष्कळांनी विचारलं. आपल्याकडे ज्यानं बैलबंडी भरली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माल पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. चांगला धुरकरी, म्हणजे बंडी हाकणारा, माल आसावर तोलून भरतो. मग बैलही सुखात आणि वळणावर बंडीही हातात. केमनमध्ये तेच केलं आहे. सगळ्यात जड वस्तू गाडीच्या पोटात ठेवली, तीही आडवी. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, जमिनीलगत पसरलेले. त्यामुळे गाडीचं नाक हलकं राहतं आणि स्टिअरिंग वळवलं की गाडी तुमच्याभोवती फिरते. माझ्या ऑक्टाव्हियाला पुढच्या दोन चाकांनी ओढायचंही असतं आणि वळायचंही असतं. धामणगाव गढीकडून चिखलदऱ्याला चढताना, पानांचा ओला सडा पडलेल्या वळणावर जरा लवकर गॅस दिला की ती वळायचं सोडून नाक बाहेर काढते. दरवेळी तिथं मनात यायचं की इथं दुसरी गाडी असती तर.

डॉक्टर स्वतः समृद्धी महामार्गावरून ती गाडी घेऊन आमच्या धामणगाव रेल्वेला आले. इंटरचेंजपासून जिनिंगपर्यंत त्यांनी चावी माझ्या हातात दिली. काही किलोमीटरच काय तो रस्ता. पण त्या रस्त्यावर मला जे समजलं ते गेल्या आठ वर्षांतल्या वाचनातून आणि व्हिडिओंतून समजलं नव्हतं.

पहिला रिकामा, सरळ तुकडा मिळाला आणि मी गॅस दाबला. मानेमागून इंजिनाचा आवाज आला. पाठ सीटमध्ये रुतली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्टिअरिंगमधून रस्ता हाताला लागला. बारीक खडी कुठे आहे, डांबर कुठे घोटून गुळगुळीत झालंय, हे तळव्यांना कळत होतं. लोक म्हणतात या चार सिलिंडरच्या इंजिनाला जुन्या सहा सिलिंडरचा गोडवा नाही. नसेल. मला त्या क्षणी कशाचीच उणीव वाटली नाही. माझे डोळे भरून आले होते, हे इथं लिहायला मला संकोच वाटत नाही.

मग जिल्हा परिषदेच्या शाळेपुढचा गतिरोधक आला. गाडी तिरपी केली, एक एक चाक चढवलं, तरी खालून घासल्याचा आवाज आलाच. पुढे काळ्या मातीचा पट्टा. आपली माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर डांबर कितीही चांगलं टाका, दोन पावसाळ्यांत त्याला लाटा येतातच. ऑक्टाव्हिया त्या लाटांवर कुरकुरत का होईना चालून जाते. केमनला मी तिथं पंधराच्या वेगानं नेत होतो आणि मागे कापसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता.

जिनिंगच्या आवारात गाडी उभी केली. आमच्याकडे हंगामात हवेत कापूस तरंगतच असतो. चहा पिऊन बाहेर येईतो अर्धा तास झाला असेल. दाराच्या मागे, इंजिनाला हवा घेण्यासाठी जी फट असते, तिच्या जाळीवर पांढरा थर बसला होता. मी बोटांनी ओढून काढला तर मूठभर निघाला. आमचा जुना फिटर बाजूला उभा होता. जिनिंगमधली आग त्यानं दोनदा पाहिली आहे. म्हणाला, "भाऊ, गरम इंजिनाजवळ कापूस बरा नाही. हे गाडी अथी नोका ठेवू."

पण हे सगळे त्रास मी मोजून बाजूला ठेवले होते. रस्ता खराब, स्टेपनी नाही, नुसतं पंक्चरचं औषध आणि हवेचा पंप, सर्व्हिसला मुंबई, बसायला दोनच माणसं. ज्याला खरंच हवी असते तो हे सगळं निभावतो. "उपयोग काय?" हा प्रश्न तर मला मुळातच पटत नाही. उपयोगाच्याच गोष्टी घरात आणायच्या असत्या तर आमच्या घरी चांद्या आणि वजीर कधीच आले नसते.

चांद्या आणि वजीर ही बाबांची पटाची जोडी. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आमच्यापासून जवळ, आणि बाबांचा जीव त्यातच. या दोन बैलांना त्यांनी कधी औताला लावलं नाही, डवऱ्याला नाही, ओझ्याच्या बंडीला नाही. शेतीला दुसरी जोडी होती. यांना ढेप, भिजवलेली अळशी, गव्हाचा कोंडा, हिवाळ्यात अंडी आणि दूध. रोज पहाटे नांगरलेल्या वावरातून फेरी, म्हणजे पायात ताकद येते. आजी म्हणायची, लेकरांच्या तोंडचं दूध बैलाले पाजतं. गावही बोलायचं. पण पटावर दोन जोड्या शेजारी उभ्या राहिल्या आणि झेंडी पडली की बाबांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी दुसऱ्या कुठल्याच वेळी पाहिलं नाही. माझ्या लग्नातही नाही. एकाच कामासाठी घडवलेली वस्तू माणसाला काय देते, हे मी तिथं शिकलो. म्हणून केमनला कुणी "चैन" म्हटलं की मला राग येतो.

मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पट बंद झाले. बैलांचे हाल होत होते, खिळ्याची तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी, लावणारेही होते, हे मी नाकारत नाही. आमच्या बैलांना तुतारी लागली नव्हती, पण बंदी सगळ्यांनाच होती. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, त्यावरही स्थगिती आली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम केला. मधली साडेसात वर्षं चांद्या आणि वजीर दावणीला उभे होते. बाबांनी त्यांना विकलं नाही. ढेप तीच, कोंडा तोच, पहाटेची फेरीही. पण दुसऱ्या वर्षापासून वजीर खुंट्याभोवती फिरायला लागला. दावं गळ्यात रुतेपर्यंत फिरायचा. दुरून ट्रॅक्टरचा मोठा आवाज आला की दोघंही कान टवकारून उभे राहायचे, अंग थरथरायचं, आणि मग काहीच व्हायचं नाही. परवानगी आली तेव्हा चांद्या गेलेला होता आणि वजीर म्हातारा झाला होता.

केमनचा विषय काढला तेव्हा बाबा किमतीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. गाडीला फेरी मारली, तिच्या पाठीवर हात ठेवला, जसा बैलाच्या वशिंडावर ठेवतात. म्हणाले, "चांगली हाये. पट कुठी हाये इचा?"

त्या प्रश्नावर मी आठवडाभर विचार केला. समृद्धी? ७०१ किलोमीटरचा रस्ता आहे, पण सरळ आहे आणि वेगमर्यादा १२०. तिथं ऑक्टाव्हियाचीच अर्धी ताकद झोपलेली असते. आणि त्या रस्त्यानं किती संसार मोडले ते आपण विदर्भातली माणसं विसरू शकत नाही. तिथं मर्यादा ओलांडायची नाही, हा माझा नेम आहे. चिखलदरा? तो मेळघाट आहे, वाघांचा प्रदेश. गेल्या पावसाळ्यात एका वळणापलीकडे रानगवा रस्त्याच्या मधोमध उभा होता. मी हळू होतो म्हणून आम्ही दोघंही वाचलो. जी गाडी मला त्याच वळणावर वीस किलोमीटर जास्त वेगानं नेईल, ती मी तिथं न्यायचीच कशाला? तिथले खरे मालक ते आहेत.

उरले शर्यतीचे खरे ट्रॅक. कोइंबतूरचा कारी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध. आमच्या गावापासून प्रत्येक ठिकाण हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. वर्षातून दोनदा गाडी ट्रकवर चढवून नेईन, असं मनाला सांगत होतो. मग उरलेले तीनशे साठ दिवस ती जिनिंगच्या मागच्या गोदामात, ताडपत्रीखाली. खुंट्याभोवती फिरणारा वजीर मला तिथं दिसला.

आणखी एक गोष्ट आहे, तीही स्पष्ट लिहितो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला. ७५ लाख म्हणजे सव्वानऊशे क्विंटल कापूस. आमच्या भागात कोरडवाहूला एकरी पाच-सहा क्विंटल हाती लागला तर माणूस समाधान मानतो. म्हणजे दीडशे एकरांहून जास्त रानाचा, पेरणीपासून वेचणीपर्यंतचा, खर्चही वजा न केलेला अख्खा कापूस. आणि ती गाडी उभी राहणार कुठे, तर जिथं हाच शेतकरी ट्रॉली घेऊन रात्रभर थांबतो आणि ओलावा जास्त निघाला म्हणून दर तुटला की मान खाली घालून जातो. माझा पैसा कष्टाचा आहे आणि तो कशावर खर्च करायचा हा माझा हक्क आहे, हे मला मान्य आहे. तरीही त्या आवारात त्या गाडीतून उतरायला माझे पाय धजले नसते. तिला लपवून ठेवावं लागलं असतं, आणि आपल्या जिवाची वस्तू लपवून ठेवण्यात कसला आनंद?

बायको मात्र म्हणत होती, घे. तिनं आठ वर्षं माझी तळमळ पाहिली आहे. पण ऑक्टाव्हिया विकायला तिचा ठाम नकार होता. पुलगावच्या शाळेत ती रोज तीच घेऊन जाते आणि माझ्यापेक्षा छान चालवते. एका अर्थी तिनंच गुंता सोडवला. ऑक्टाव्हिया जात नसेल तर हिशेबच बसत नव्हता.

रविवारी डॉक्टरांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांनी समजून घेतलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ आवारात नुसता उभा होतो. वाईट वाटलं, अजून वाटतंय. सहा महिन्यांनी कुणाच्या तरी फोटोत ती गाडी दिसेल तेव्हा आणखी वाटेल.

पण बाबांच्या प्रश्नाचा अर्धा भाग माझ्या हातात आहे. जोडी नसली तरी पटावर जाता येतं. बाबाही आधी दहा वर्षं दुसऱ्यांच्या जोड्यांवर धुरकरी होते, मग स्वतःची घेतली. कोइंबतूरला ट्रॅकवर चालवायला शिकवणाऱ्या शाळा आहेत, गाडी त्यांचीच असते. हंगाम संपला की एप्रिलमध्ये जायचं ठरवलंय. नागपूर-बल्लारशाहमार्गे चेन्नईला थेट रेल्वे आहे, तिथून पुढे रात्रीची गाडी. ब्रेक कुठे सोडायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, हे मला अजून नीट येत नाही. घाटातल्या त्या ओल्या वळणावर नाक बाहेर जायचं, त्यात गाडीचा दोष किती आणि माझ्या घाईचा किती, हे तिथं समजेल.

ऑक्टाव्हियाला या महिन्यात नवे टायर टाकतोय, २२५/४० आर १८. डावीकडच्या पुढच्या सस्पेन्शनमधून खडखड येते तीही काढून घेणार आहे. आणि जानेवारीत बाबांना घेऊन तळेगावच्या पटाला जाणार, त्यांनी आत्तापासूनच पटाला नेसायचं धोतर काढून ठेवलंय.

विदर्भातून कुणी कारीला किंवा चेन्नईला शिकायला जाऊन आलं असेल तर मला जरूर सांगा. तीन दिवसांचा वर्ग घ्यावा की एक दिवसाचा, उन्हात एप्रिल झेपेल की जूनपर्यंत थांबावं, आणि चाळिशीच्या माणसाला ते लोक नीट शिकवतात का.