घेताना गुंठा, देताना आर

जागेचा व्यवहार करायला निघालाच आहात, तर कॅल्क्युलेटर घरी ठेवा. क्षेत्रफळ अचूक काढणारा माणूस व्यवहारात कुणालाच आवडत नाही. एजंट त्याला किरकिरं गिऱ्हाईक म्हणतो, भाऊबंद ‘लई शहाणा’ म्हणतात, आणि तो बेरीज करीत बसलेला असताना दुसराच कुणीतरी टोकन देऊन मोकळा होतो.

देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. शेर गेला, मण गेला, मैल गेला. जमिनीच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी समजुतीने वाटणी करून घेतली. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, पारावर एकर आणि गुंठे, जाहिरातीत चौरस फूट. ही तीन मापं एका कागदावर येऊ न देणं, एवढंच तुम्हाला सांभाळायचं आहे.

सुरुवात सोप्या गोष्टीपासून करा. आर आणि गुंठा एकच, असं बेधडक सांगत चला. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. मीटर-सव्वा मीटरला कोण धरून बसतंय? जो बसतो त्याच्या लक्षात येतं, की चाळीस गुंठ्यांच्या एकराऐवजी चाळीस आर पदरात पडले तर ५०४ चौरस फूट कमी येतात. पुण्यात तेवढ्यात वन बीएचके होतो. म्हणून वाटणीला बसलात की आपल्याकडे घेताना गुंठे म्हणा आणि धाकट्याला देताना आर. दोन्ही एकच असल्यामुळे त्याने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

प्लॉटिंगवाल्यांनी तर गणित आणखी सोपं केलंय. त्यांच्यातल्या काहींचा गुंठा सरळ हजार फुटांचा. वरचे ८९ फूट कुठे गेले, असं विचारू नका. रस्त्यात गेले. रस्ता कुठे आहे, हेही विचारू नका. तो नकाशात आहे. एका एकरात चाळीस गिऱ्हाइकांचे ८९-८९ फूट साठले, की ३५६० चौरस फूट होतात. म्हणजे खऱ्या मापाचे सव्वातीन गुंठे. त्यावर आधी ‘नियोजित उद्यान’ असा बोर्ड लागतो. पुढे बोर्ड गंजतो आणि हजारी मापाचे तीन प्लॉट निघतात. वर ५६० फूट उरतातच, साइट ऑफिसला. ठरावीक मापाहून लहान तुकडा विकू न देणारा तुकडेबंदी कायदा आडवा आला, तर दहा-अकरा जणांनी मिळून एकच खरेदीखत करावं आणि सातबाऱ्यावर सामाईक नावं लावावीत. नेमका कुणाचा गुंठा कुठला, ते नातवंडं बघतील.

दशांश चिन्हाचा मान मात्र राखा. सातबाऱ्यावर हेक्टर ०.०५ लिहिलं असेल तर ते पाच आर, म्हणजे पाच गुंठ्यांना जरासं कमीच. पण बोलताना त्याला ‘पॉइंट पाच’ म्हणायला कुणाची बंदी आहे? पॉइंट पाच हेक्टर म्हणजे जवळजवळ सव्वा एकर. मधलं एक शून्य गिळलं की स्थळ बघायला आलेली मंडळी वेगळ्याच आदराने चहा घेतात. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती, हे सोयरीक पक्की झाल्यावर निघू द्या.

शहरात माप बदलतं, तत्त्व तेच. २०१७ पासून बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या महारेराचा अंमल आहे, करारात चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) चौरस मीटरमध्ये असतं, आणि भाव मात्र तुम्हाला फुटात सांगितलेला असतो. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे शाळेत शिकलेलं असतंच, त्याचा इथे भरपूर उपयोग करा. ६४६ चौरस फुटांच्या फ्लॅटला ३.२८ ने भागलंत की १९७ चौरस मीटर येतात. टू बीएचकेच्या भावात बंगला! खरं उत्तर ६० आहे, कारण चौरसाला ३.२८ दोनदा लागतो आणि गुणक १०.७६ होतो. हे तुम्हाला एखादा इंजिनियर भाचा सांगेल. त्याला वास्तुशांतीला बोलावू नका. तुमचा फ्लॅट विकायची वेळ आली आणि समोरच्याने तोंडी हिशेब म्हणून ६० ला दहाने गुणून ६०० फूट धरले, तर मात्र भाच्याला ताबडतोब फोन लावा. मधल्या ४६ फुटांचे, फुटाला आठ हजारांनी, साडेतीन लाखांवर जातात.

बांधकाम करणार असाल तर ब्रास शिका. स्लॅबचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. दोन्ही ब्रास एकाच बिलात येऊ द्या आणि बिल तपासताना मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे बघू नका. बिचाऱ्याला हसू आवरत नाही.

आता उरला शेजारी. त्याने मोजणीचा अर्ज टाकला की लगतचे खातेदार म्हणून तुम्हाला नोटीस येईल. ती घ्या आणि त्या दिवशी लांबच्या कुणाच्या तरी लग्नाला जा. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, येईल, मशीन लावील, मीटरमध्ये आकडे काढून हद्दीच्या खुणा दाखवील. दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून शांतपणे सांगा : आमच्या आज्याच्या वेळी साखळीने मोजलं होतं, तेहतीस फुटी साखळी, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची; हे मीटर-बिटर आम्हाला मान्य नाही. मग हरकत घ्या, अपील करा. निकाल लागेपर्यंत दर नांगरटीला नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, त्याच्या अंगाने जास्त काढत बांध कोरत राहा. नऊ इंच भरतात. सेंटिमीटरमध्ये किती होतात, ते त्याला काढू दे.